समस्त मामा मंडळींस अनावृत पत्र

ती. मामांस,


पत्रावर नाव एकट्या तुमचं असलं, तरी महाराष्ट्रातले यच्चयावत मामा, काका, आत्याचे यजमान आणि सोसायटीतले निवृत्त इंजिनिअर यांनी ते आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं. मार्चमध्ये गेटचा निकाल लागला. तेव्हापासून आपण सर्वांनी माझ्या एम.टेक.ची जी काळजी वाहिलीत, तिचे आभार घरातल्या घरात मानून भागण्यासारखे नाहीत.

आधी तुमच्या तयारीला दाद देते. 3 तास, 65 प्रश्न, 100 गुण, मग त्यांचा 1000 पैकी स्कोअर आणि तो चालणार तीन वर्षं, हे तुम्हाला माझ्याआधी पाठ होतं. कोणत्या आयआयटीत कोणती शाखा गेल्या साली किती स्कोअरला बंद झाली, हे तुम्ही श्रीखंड वाढून घेता घेता सांगत होतात. त्या शाखेत शिकवतात काय, हा प्रश्न मात्र श्रीखंड संपेपर्यंत निघाला नाही. तुमचा हिशेब सरळ होता. स्कोअर जिथवर पोचतो तिथवर पोरीने चढावं, एक पायरी खाली राहिली तर स्कोअर वाया गेला. माझं एम.टेक. मी नव्हे, माझा स्कोअरच करणार होता. मी फक्त त्याची बॅग उचलायला बरोबर जायचं.

मग आयआयटी प्रवेशांच्या ऑफर जिथे येतात ते कोॲपचं पोर्टल उघडलं. दर फेरीला ऑफर येते आणि समोर तीन पर्याय असतात: ॲक्सेप्ट अँड फ्रीझ, रिटेन अँड वेट, रिजेक्ट अँड वेट. पहिला निवडला की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. तुम्ही व्हिडिओ कॉलवरून ओरडत होतात, "रिटेन कर, रिटेन! वर काहीतरी येईल." वर म्हणजे नक्की कुठे, ते मला अजून कळलेलं नाही. स्थापत्यातून आलेल्या मुलीला वरच्या फेरीत कॉम्प्युटर सायन्स मिळत नसतं. बहुधा तुमच्या मनात वर म्हणजे इंडियन ऑइल, एनटीपीसी, पॉवर ग्रिड असावं. गेटच्याच स्कोअरवर सरकारी कंपन्या भरती करतात, हा तुमचा आवडता मुद्दा. "आधी एम.टेक.ला नाव घाल, कॉल आला की सोडून दे. वसतिगृहात राहून वाट बघायला काय जातं?"

काय जातं ते थोडं सांगते. दुसऱ्या कुणाची तरी जागा जाते. 2019 साली आयआयटी परिषदेने एम.टेक.ची फी बी.टेक.च्या बरोबरीला, म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या घरात नेण्याचं ठरवलं. त्यावेळी पुढे आलेल्या कारणांत एक हेच होतं, की मुलं मध्येच सोडून जातात. विद्यार्थ्यांनी आंदोलनं केली. थोडक्यात, तुमची युक्ती इतक्या मामांना एकाच वेळी सुचली की तिची दखल परिषदेला घ्यावी लागली. अभिनंदन.

आता आपला खरा वाद, टीए की आरए, म्हणजे टीचिंग असिस्टंट की रिसर्च असिस्टंट. टीए म्हणजे दोन वर्षं: आठवड्याला 8 तास खालच्या वर्गांची ट्युटोरियलं, लॅब, पेपर तपासणं आणि महिना 12,400 रुपये. आरए म्हणजे पवईला, आयआयटी मुंबईत, तीन वर्षं, कारण प्रयोगशाळेचं काम अंगावर जास्त. तुम्ही बोटं मोजलीत आणि म्हणालात, "म्हणजे एक वर्ष नापास." आरएची इतकी नेमकी व्याख्या मी दुसरीकडे ऐकली नाही. पैशांच्या बाबतीत तुम्ही चुकत नाही, हे इथेच कबूल करते. तिसरं वर्ष म्हणजे एका वर्षाचा पगार बुडतो, आणि घरी कर्जाचा हप्ता चालू असलेल्या मुलीला मी आरए घे असं कधी सांगणार नाही.

बंगळुरूच्या आयआयएससीचं एम.टेक. रिसर्च मी सुचवलं, ज्याला पूर्वी एम.एस्सी. इंजिनिअरिंग म्हणत. मद्रासचं एम.एस.ही सुचवलं. तिथे कोर्स मोजके, भर प्रबंधावर, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत नुसत्या स्कोअरवर निभावत नाही. तुम्ही म्हणालात, "एम.एस.च करायचं तर अमेरिकेत कर, दादासारखं." दादाने टेक्सासमध्ये तीस क्रेडिट केले, प्रबंधाशिवाय. मग ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे एक वर्ष काम करायची परवानगी, स्टेममुळे वाढून मिळालेली आणखी दोन वर्षं आणि नंतर एच-वन-बी व्हिसाची सोडत. त्याने डोळे उघडे ठेवून केलं. त्याला नोकरी हवी होती, संशोधनाचा त्याला कंटाळा आहे आणि तो तसं सांगतोही. मला त्याचं कौतुक आहे. दादासारखं करायचं म्हणजे आपल्याला काय हवंय ते आधी ठरवायचं, एवढं मी त्याच्याकडून घेतलं. तुम्ही फक्त टेक्सास घेतलंत.

जिथे संशोधन चालतं तिथे मास्टर्स करायचं, तर आपण खरं तर एक प्रश्न आणि एक माणूस निवडत असतो. गाइडकडे आधीच्या मुलांनी कशावर प्रबंध लिहिले, ते वेळेत सुटले का, सर आठवड्यातून एकदा तरी समोर बसतात का, आपल्याला लागणारं यंत्र चालू आहे की दोन वर्षं सुट्या भागाची वाट बघतंय, हे विचारायला हवं. मी जुन्या मुलांना फोन करून विचारलं. तुमच्या फौजेतल्या एकाने यातलं काही विचारलं नाही. अपवाद आजीचा. ती म्हणाली, "तुझे सर स्वभावाने कसे आहेत गं?" त्यावर तुम्ही सगळे हसलात.

तर मी जिओटेक घेतलं, आरए घेतलं आणि ॲक्सेप्ट अँड फ्रीझ दाबलं. "आयआयटीत जाऊन माती?" असं म्हणून तुम्ही फोन मामीकडे दिलात. होय, माती. 60 मिलिमीटर व्यासाच्या, 20 मिलिमीटर उंचीच्या कड्यात काळ्या मातीची चकती बसवायची, पाण्यात भिजू द्यायची आणि वर वजन ठेवायचं. पंधरा सेकंदांनी, एका मिनिटाने, सव्वादोन मिनिटांनी, चार मिनिटांनी डायलचा काटा वाचायचा. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी आलेख खोटं बोलतो. चोवीस तासांनी वजन दुप्पट. मग पुन्हा पंधरा सेकंद. एक नमुना संपायला आठवडा सहज जातो, आणि रविवार असतो हे मातीला माहीत नसतं. टेर्झागी नावाच्या गृहस्थांनी पहिल्या महायुद्धानंतर इस्तंबूलच्या कॉलेजात सिगारच्या पेट्या नि भंगार जमवून मातीचे प्रयोग केले आणि 1925 साली त्यावर ग्रंथ काढला. आज जगभरची धरणं आणि इमारती त्या शास्त्रावर उभ्या आहेत. त्यांचं पॅकेज किती होतं, ते मी शोधून कळवते.

आणि मामा, पानशेत. 12 जुलै 1961 ची हकीकत, तेव्हा पाळण्यात असूनही, तुम्ही डोळ्यांनी पाहिल्यासारखी दर पावसाळ्यात सांगता: काम अपुरं असताना भरलेलं पाणी, खचत चाललेला बांध, त्यावर वाळूची पोती रचणारे जवान, मग पुण्याच्या पेठांत घुसलेला लोंढा. धरण कशाचं होतं, एवढंच तुम्ही सांगत नाही. मातीचं होतं.

कळावे, लोभ आहेच, वाढवा अशी विनंती करायची हिंमत नाही.

आपली भाची

ता. क. सोलापूरच्या बंगल्याच्या फरशा पावसाळ्यात वर येतात आणि उन्हाळ्यात खाली बसतात, असा तुमचा परवाचा मेसेज मिळाला. काळी जमीन फुगते आणि आकसते, नव्या फरशा बसवून उपयोग नाही. कंत्राटदाराला तूर्त थांबवा. निदान एक मीटर खालची माती काढून जाड पिशवीत घट्ट बांधून पाठवा. बागेतली नको, तिच्यात मामीचं शेणखत असतं. दोन किलो पुरे. माझ्या यंत्रावर सध्या नंबर लागलेले आहेत, तुमचा दिवाळीनंतर येईल.