हादरा कोणत्या हेडिंगखाली?

भूकंपाला कायद्याचे वळण नाही. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेत तो पहाटे आला, 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीतही पहाटेच. दोन्ही वेळी कचेऱ्या बंद. अशा बेभरवशाच्या गोष्टीवर पाळत ठेवणारे यंत्र परदेशातून आणायचे, तर निदान त्याचे कागद तरी चोख हवेत, ही कस्टम्सची भूमिका आम्हाला मनापासून पटते.

समजा, कोयनेच्या खोऱ्यात बसवायला एका सरकारी संस्थेने भूकंपमापक मागवला. मुंबईच्या एअर कार्गोत पाच खोकी उतरली : सेन्सर, डिजिटायझर, जीपीएसचा अँटेना, केबल आणि बॅटरी. संस्थेच्या एजंटाने सगळ्याला मिळून 9015 हे हेडिंग लावले. टॅरिफमध्ये तिथे ‘भूभौतिकी उपकरणे’ असा स्वच्छ उल्लेख आहे. भोळा माणूस! लिहिलेले सरळ वाचायचे असते, तर वर्गीकरणाचे सहा नियम कशाला केले असते?

2020 पासून तपासणी ‘फेसलेस’ झाली. त्यामुळे माल मुंबईत, आणि शंका काढणारा कुठल्या शहरात बसलाय ते ब्रह्मदेवालाच ठाऊक. पण शंका बिनतोड. डिजिटायझर आकडे करतो, मग तो 8471 मधला संगणक का नव्हे? बॅटरी 8507 मध्ये का नको? केबल 8544 मध्ये? आणि जीपीएस तर वाट दाखवते, म्हणजे 8526. संस्थेने कळवले, आम्हाला वाट नको, वेळ हवी. हादरा कोणत्या ठाण्यावर कोणत्या क्षणी पोचला हे कळल्याशिवाय त्याचे केंद्र सापडत नाही. उलट टपाली प्रश्न आला : वेळ दाखवते? मग हे प्रकरण 91 मधले घड्याळ का मानू नये?

एजंटाने हुकमाचे पान टाकले : प्रकरण 90 ची टीप 3. वेगवेगळे भाग मिळून एकच ठरावीक काम करत असतील, तर सगळ्यांना त्या कामाचे एकच हेडिंग. खात्याने विचारले, ते काम कोणते? भूकंप नोंदवणे. मग प्रात्यक्षिक दाखवा. इथे संस्था निरुत्तर झाली.

एवढ्यानेही भागले नाही तर नियम 3 आहेच. दोन हेडिंगे अगदी तुल्यबळ ठरली, तर आकड्यांच्या क्रमाने जे शेवटी येते ते घ्यावे, असे त्यात खरोखरच लिहिले आहे. रांगेत शेवटी उभा राहणारा जिंकतो, अशी या देशातली ही एकमेव रांग असावी.

अखेर एजंट म्हणाला, “साहेब, वाढीव ड्युटी ‘अंडर प्रोटेस्ट’ भरा, माल सोडवा, अपिलाचं पुढं बघू.” ड्युटी भरणारी संस्था सरकारी, घेणारे खाते सरकारी, या खिशातले त्या खिशात गेले की त्याला महसूल म्हणायचे. गोदामाचे भाडे तेवढे खासगी, आणि त्याच्या वर्गीकरणावरून कधीच वाद होत नाही.

कोयनेत जलाशय भरू लागल्यापासून जमीन हादरतेच आहे. पण म्हणून घाई करण्याचे कारण नाही. अपील निकाली निघेपर्यंत होणारे हादरे संस्थेने मागील तारखेने नोंदवून घ्यावेत.