कोर्दोब्याच्या उखाळ्यापाखाळ्या

"काकू, रात्री झोपमोड झाली तर तुम्ही काय करता?"

"काय करणार? कोपऱ्यावरच्या मांडववाल्यांना चार शब्द सुनावते आणि कूस बदलते."

"स्पेनच्या इसाबेल राणीनं पाण्याचा अख्खा रहाट उतरवायला लावला! कोर्दोब्यात नदीकाठी राजवाडा आणि जवळच हे भलंमोठं लाकडी चाक. रात्रभर करकर, करकर. बाईंचा डोळा लागेना. तिथले लोक अजून सांगतात."

"अगो, पण ते पाणी जायचं कुठे?"

"राजवाड्याच्याच बागेला."

"म्हणजे स्वतःच्याच बागेचं पाणी तोडलंन! राणी झाली म्हणून अक्कल येते असं नाही. पण तू तिथे कशी पोचलीस? लेक माद्रिदला ना तुझी?"

"माद्रिदहून त्यांच्या भरधाव रेल्वेनं दोन तासांच्या आतच. लेक म्हणत होती बार्सिलोनाला जाऊ. मी म्हटलं, तिकडे सगळेच जातात. आणि बरं झालं बाई! एवढ्या भानगडी एका गावात मी पाहिल्या नाहीत. त्याच राजवाड्यात 1486 साली कोलंबस राजा-राणीला भेटला. पश्चिमेकडून हिंदुस्थान गाठतो, जहाजं द्या म्हणाला."

"आपल्याकडेच यायला निघालेला मेला."

"आणि पुढे सहा वर्षं ताटकळला. त्या मुदतीत त्याचं कोर्दोब्यातच जमलं. बेआत्रिस नावाच्या मुलीशी. 1488 साली मुलगा झाला, एर्नान्दो. लग्न काही केलं नाही."

"काय सांगतेस गो!"

"पोरगा मात्र नाव काढणारा निघाला. हजारोंनी पुस्तकं जमवली, बापाचं चरित्र लिहिलं. आणि कोलंबसानं मरताना मृत्युपत्रात थोरल्या मुलाला बजावलं, बेआत्रिसकडे बघ, माझ्या मनाला ते खातंय."

"मरताना सगळ्यांच्याच मनाला खातं. आधी दोन अक्षता टाकून घेतल्या असत्यान तर? बरं, ती मशीद पाहिलीस ना? आमच्या ह्यांनी वाचलंनीत कुठेतरी, मशिदीच्या पोटात चर्च आहे म्हणून."

"तेच तर सांगायला आले. आत शिरलं की खांबच खांब. आठशे छप्पन्न! अब्दुर रहमान म्हणून अमीर होता, त्यानं 785 च्या सुमारास बांधायला काढली. मग पुढची दोनशे वर्षं वाढवतच गेले. आणि पहिले खांब सगळे जुन्या बाजारातले."

"म्हणजे?"

"रोमन लोकांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्या गॉथांच्या पडक्या इमारतींतून काढून आणलेले. एक गुलाबी, एक काळपट, एकाच्या अंगावर पीळ. एकाची उंची दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. मग उंच होता तो जमिनीत पुरला आणि बुटका होता त्याच्या पायाखाली बैठक दिली. एवढं करूनही छप्पर बसकंच राहिलं असतं, म्हणून कमानीवर आणखी एक कमान चढवली. लाल वीट, पांढरा दगड, लाल वीट, पांढरा दगड. मी एका खांबाशी वाकून पाहिलं, तर वरची नक्षी एका घराण्यातली आणि खालचं अंग भलत्याच. पण आता वेगळं काढा म्हटलं तर काढता येणार नाही."

"सुना-जावांचंही तसंच असतं. पुढे?"

"पुढे अल-हकम दुसरा म्हणून खलिफा झाला. त्याला मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, सोन्यासारखा मढवायचा होता. त्यानं मागणी कुणाकडे धाडली, तर कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती बादशहाकडे! तिकडून सोनेरी काचेचे चौकोनी तुकडे आले, बसवणारा कारागीर आला. अजून तिथे उभं राहिलं की तोंडावर पिवळा उजेड पडतो."

"मग त्यात चर्च घातलान कुणी?"

"1236 मध्ये ख्रिस्ती राजानं, तिसऱ्या फर्नांदोनं, शहर जिंकलं. पण मशीद पाडली नाही. शिंपडलं पवित्र पाणी, म्हटलं आजपासून हे कॅथेड्रल, आणि लागले वापरायला. जवळजवळ तीनशे वर्षं असंच चाललं. मग 1523 मध्ये तिथल्या बिशपाच्या डोक्यात आलं, हे काय खांबांच्या रानात प्रार्थना करायची? मधले खांब काढून उंच, चांगलं चर्च उठवू."

"आणि गावातल्यांनी ऐकून घेतलंनी?"

"छे! नगरपालिकेनं फर्मान काढलं की पाडकामाला जो गवंडी हात लावील त्याला देहदंड."

"अगोबाई! आपल्याकडची नगरपालिका नुसती नोटीस चिकटवते."

"भांडण बादशहाकडे गेलं, पाचव्या चार्ल्सकडे. त्यानं न बघताच बिशपाच्या बाजूनं निकाल दिला. झालं, लागले कामाला. बाप, मुलगा, नातू, तिघेही एर्नान रुइसच, तीन पिढ्या त्यांच्याच खपल्या. पुरं व्हायला 1607 उजाडलं. नातवानं तर जुना मिनार तसाच ठेवून त्याच्याभोवती घंटेचा मनोरा बांधला. मिनार अजून आत आहे."

"आणि बादशहा?"

"तो 1526 मध्ये आला. नुकतं सेव्हिलला लग्न झालेलं, बायकोला घेऊन ग्रानादाला निघालेला, वाटेत कोर्दोबा. काम बघितलं आणि हळहळला म्हणतात, असं काही होणार हे आधी कळतं तर होकार दिला नसता."

"सही करून मग हळहळायचं. बायको कोण त्याची?"

"पोर्तुगालची राजकन्या. हिचेच वडील मॅन्युएल. त्यांच्या राज्यात 1510 साली आल्बुकर्कनं गोवा घेतला."

"म्हणजे गोवा घेणाऱ्याचा जावई! बघ, सोयरीक शेवटी आपल्या दारापर्यंत येतेच. आता त्या जागेवर नाव कुणाचं लागलंय?"

"त्याची तर अजून धुसफूस आहे. 2006 साली तिथल्या धर्मप्रांतानं सरकारी नोंदवहीत आपल्या नावावर लावून घेतली. खर्च तीस युरोच्या आसपास."

"तीस युरो म्हणजे तीन हजार रुपये! अगो, आमच्या सातबाऱ्यावर नाव चढवायला याहून जास्त चहापाणी गेलं."

"काही लोक म्हणतात, ही सगळ्यांची ठेव आहे. चर्च म्हणतं, आठशे वर्षं आम्हीच पूजा करतोय, आम्हीच सांभाळतोय. मुसलमानांना आत नमाज पढता येत नाही, त्याचीही कुरबूर आहे. मी काही त्यात पडत नाही. पण एक मनात आलं. पाडायचीच असती तर 1236 लाच जमीनदोस्त केली असती. वापरात राहिली म्हणून राहिली."

"हे कशावरून?"

"शहरापासून जेमतेम आठ किलोमीटरवर त्याच घराण्याचं दुसरं बांधकाम आहे, त्यावरून. तिसऱ्या अब्दुर रहमाननं 936 मध्ये नवं राजनगर वसवायला घेतलं, मदीनत अल-झहरा. लोक म्हणतात, आवडत्या राणीचं नाव दिलं. एका दालनात म्हणे पाऱ्याचा हौद होता. पाहुणे आले की हौद हलवायचा, भिंतींवर उजेड थरथरायचा आणि पाहुण्यांची पाचावर धारण."

"थापा असतील."

"असतीलही. पण शहर होतं खरं. पुरतं शंभर वर्षंही टिकलं नाही. 1010 मध्ये आपसातल्या यादवीत लुटलं, जाळलं. मग तिथे राहायला कुणीच नाही. शेकडो वर्षं ज्याला दगड हवा त्यानं तिथून गाडी भरून न्यावा. 1911 मध्ये खोदायला लागले, अजून जेमतेम दहावा हिस्सा वर आलाय. 2018 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, पण तोवर उरलं काय? उघडे पाये आणि थोड्या कमानी."

"आमच्या गावच्या घराचं हेच चाललंय. सात जणांची नावं, सात जणांची तोंडं सात दिशांना, म्हणून दाराला कुलूप. गेल्या शिमग्याला गेलो तर मागच्या पडवीचे चिरे कुणीतरी नेलेले. या खेपेला वासे जातील."

"तेच म्हणते मी. कोर्दोब्यातलं जुनं सिनेगॉग बघा. ज्यूंचं प्रार्थनाघर, 1315 मधलं. आपल्या बैठकीच्या खोलीपेक्षा थोडं मोठं. 1492 मध्ये याच इसाबेलबाईंनी ज्यूंना देशाबाहेर काढलं. मग त्या खोलीत पिसाळलेलं कुत्रं चावलेल्यांचं इस्पितळ झालं, पुढे चांभारांच्या पंचायतीचं देऊळ झालं, शाळासुद्धा भरली. भिंतींवर गिलावा चढला. 1884 मध्ये गिलावा निघाला तर खाली हिब्रू अक्षरं जशीच्या तशी! चुना फासणाऱ्यांनीच राखलं म्हणायचं."

"नकळत का होईना."

"तिथूनच पुढे मायमोनिदिसचा पुतळा आहे. मोठा ज्यू पंडित आणि वैद्य. जन्म कोर्दोब्यातला. कडवं राज्य आलं तेव्हा घरच्यांना पोरासकट गाव सोडावं लागलं. शेवटी कैरोत सलादिनच्या दरबारी वैद्य झाला. आता लोक त्याच्या पुतळ्याच्या सपातांना हात लावतात, शहाणपण येतं म्हणे. सपाता घासून घासून चकचकीत झाल्यात."

"शहाण्याला हाकलायचं आणि मग पाय धरायचे. तू लावलास हात?"

"लेकीनं लावायला लावला."

"बघू या फरक पडतो का. आणि खाल्लंस काय? तिकडे सगळ्यात मांस म्हणतात."

"सांगून घ्यावं लागतं. साल्मोरेखो म्हणून गार सार असतं. टोमॅटो, शिळा पाव, लसूण, ऑलिव्हचं तेल, सगळं दाट वाटलेलं. वरून उकडलेलं अंडं आणि डुकराच्या मांसाचे तुकडे टाकतात, ते नको म्हणायचं. पण काकू, खरं सांगू का? वांग्याची तळलेली कापं, आणि त्यावर काकवी!"

"काकवी? स्पेनात?"

"उसाची. चक्क उसाची. गरम कुरकुरीत काप, त्यावर काकवीची धार. दोन बश्या संपवल्या."

"यंदा करून बघते. तांदळाच्या पिठात घोळवली तर?"

"फर्मास लागतील. पण मी खरी गेले होते ती अंगणं बघायला. पातिओ म्हणतात. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांची स्पर्धा असते, 1921 पासूनची. रस्त्यावरून पाहिलं तर नुसती पांढरी भिंत आणि एक दार. दार उघडं असतं त्या दिवसांत, तिकीट नाही, बस रांगेत उभं राहायचं. आत पाऊल टाकलं की मध्ये अंगण, खाली गोट्यांची फरसबंदी, एका कोपऱ्यात विहीर, आणि चारी भिंती कुंड्यांनी भरलेल्या. जिरॅनियम, कार्नेशन, जाई. पार वरच्या मजल्यापर्यंत."

"वरच्या कुंडीला पाणी कसं घालतात? शिडी लावून?"

"मीही तेच विचारलं! सान बासिलिओ म्हणून मोहल्ला आहे, तिथल्या एका आजींनी करून दाखवलं. लांब वेताची काठी, टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला. हौदातून डबा भरायचा, काठी उभी करायची, अंदाजानं वरच्या कुंडीवर कलती करायची. थेंब सांडत नाही. मी केलं तर निम्मं पाणी माझ्याच डोक्यावर. आजी पोट धरून हसल्या. असं पाणी घालणाऱ्या बाईचा पुतळाच उभा केलाय गावात."

"राजाराणीचे पुतळे उभारतात सगळीकडे. पाणी घालणारीचा पुतळा म्हणजे गाव शहाणं आहे. पण एवढ्या कुंड्या हौसेपोटी?"

"हौस आहेच, पण तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. चुन्याच्या भिंती, झाडं, ओली फरशी, विहीर, या सगळ्यांनी घर गार राहतं. आणि पूर्वी एका अंगणाभोवती चार-सहा गरीब बिऱ्हाडं राहायची. विहीर एक, धुण्याची दगडी एक, पुष्कळदा चूलही सामाईक. कुणाची पाळी कधी, कुणी कुणाची कुंडी हलवली, यावरून रोज वादावादी."

"मग ते खरं घर."

"युनेस्कोनं 2012 मध्ये यादीत घेतलं ते या रीतीलाच, एकत्र राहून अंगण राखण्याच्या. पण आता मेख तिथेच आहे. मशिदीजवळचा भाग म्हणजे पर्यटकांची जत्रा. घरं विकली जातात, त्यांच्या भाड्याच्या खोल्या होतात. चार रात्री राहणारा पाहुणा कुंडीला पाणी घालील का? आजी म्हणाल्या, लेकीनं भाषांतर केलं, मुलं बाहेरच्या वस्तीत फ्लॅटमध्ये गेली, मी आहे तोवर हे आहे."

"मग लोकांना आत कशाला येऊ देतात? गर्दी, पायातली माती..."

"तेही विचारलं. म्हणाल्या, लोक बघायला येतात म्हणून वर्षभर हात चालतो. नगरपालिका थोडे पैसेही देते. पण कुणीच आलं नाही तर एवढं करीन का, मलाच ठाऊक नाही."

"आणि दुसरीकडे लोक फार आले म्हणून शेजारी निघून चाललेत."

"दोन्ही खरं."

"नाही गो, मला त्यात दोन दिसत नाहीत. आलेला राहून हात लावतो की बघून जातो, एवढंच. तुझ्या त्या बिशपानं काय पाडायचं ते पाडलंन, पण रोज घंटा वाजवलीन, छप्पर गळलं तर कौल बदललंन. आणि त्या राजनगरात कुणी केर काढायलासुद्धा उरलं नाही. आमच्या घराचंही तेच. सात वारस आहेत, सगळे फोटो काढायला येतात गणपतीत."

"मग काय करणार?"

"धाकट्या दिरांना मुंबईला आजच फोन लावते. वाटणी व्हायची तेव्हा होईल. खालच्या वाडीत नवी शिक्षिका आलीय, दोन पोरं आहेत, जागा शोधतेय. माजघर आणि पुढची ओटी तिला देऊन टाका म्हणते, भाडं नाही दिलंन तरी चालेल. चूल पेटली पाहिजे आणि तुळशीला पाणी पडलं पाहिजे. दीर म्हणतील, वहिनी, कूळ लागेल. म्हणेन, लागू दे, चिरे जाण्यापेक्षा कूळ परवडलं."

"ऐकतील?"

"नाही ऐकलं तर त्या नगरपालिकेचं फर्मान काढते की!"