भावी पाळकसाहेब

आमच्या मावशीचा धाकटा बी.एस्सी. होऊन दोन वर्षं मोबाइलच्या दुकानात बसला होता. एका शिबिराला गेला आणि पाचारण घेऊनच परतला. देवानं सेवेसाठी बोलावलं, असं तो म्हणाला. त्याऐवजी बँकेनं मुलाखतीला बोलावलं असतं तर मावशीला जास्त बरं वाटलं असतं. पण देवापुढं कोण बोलणार? मंडळीनं शिफारसपत्र दिलं आणि स्वारी पुण्याला सेमिनरीत बी.डी. करायला गेली.

पदवी श्रीरामपूरची, हे कळल्यावर आमचे खजिनदार म्हणाले, "मग पुण्याला कशाला? श्रीरामपूर तर इथंच आहे, एस्टीनं जाऊन येऊन करता येईल." आम्ही नगर जिल्ह्यातले, श्रीरामपूर म्हटलं की आम्हाला ऊसच दिसतो. हे श्रीरामपूर बंगालमधलं, मिशनरी कॅरीसाहेबांचं. तिथल्या कॉलेजाला पदव्या देण्याची सनद १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं दिली. म्हणजे शिकायचं पुण्यात, पदवी बंगालची, सनद डेन्मार्कची, आणि नेमणूक शेवटी शेवगावच्या पुढं कुठंतरी!

पहिल्या नाताळच्या सुट्टीत आला तो "जय ख्रिस्त" सोडून "शालोम" म्हणतच. हिब्रूची बावीस अक्षरं पाठ झाली होती. उजवीकडून डावीकडं वाचून वाचून तो जेवतोही तसाच, असं मावशीचं म्हणणं. उजवीकडची भाजी संपते, डावीकडची कोशिंबीर तशीच. (हे हिब्रूच्या आधीपासूनचं आहे. मी लहानपणापासून त्याच्या पंक्तीला बसलोय.)

संडे स्कूलच्या नाटकाची तालीम चालली होती. हा मागं उभा राहून म्हणाला, "मागी लोक तीन होते, असं मत्तयानं कुठंही लिहिलेलं नाही. आकडाच नाही." बाईंनी मुकुट चिकटवता चिकटवता वरही न बघता सांगितलं, "सोनेरी कागद तिघांपुरताच आहे."

नाताळनंतरच्या रविवारी पाळकसाहेबांनी मोठ्या मनानं त्याला उपदेश करायला दिला. मुद्दे तीन असावेत, असं उपदेशशास्त्राच्या तासाला शिकवतात म्हणे. ह्याचे तिन्ही 'प'वरून: पेत्र, प्रश्न, प्रीती. प्रभूनं पेत्राला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. पण मूळ ग्रीकमध्ये पहिल्या दोन वेळेला क्रियापद एक आणि तिसऱ्या वेळेला दुसरं. तो 'अगापे' म्हणाला, तेव्हा पुढच्या बाकावरचं एक पोर "आगपेटी?" म्हणून आईकडं बघायला लागलं. क्रियापदांचा काळ, मग मूळ धातू, मग त्यावर विद्वानांचे मतभेद. साडेबारा वाजले. मंडळीच्या डोळ्यांपुढं चौथा 'प' तरळत होता, पुलाव. पेटीमास्तरांनी भाता दोनदा उघडून मिटला; एरवी ह्या इशाऱ्यावर मोठमोठे पाळक आटोपतं घेतात. हा "आणखी एकच गोष्ट" म्हणाला आणि पान उलटलं.

त्याला तरी बोल का लावावा? परंपराच थोर आहे. पौल रात्री लांबलचक बोलत बसला, तेव्हा युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तो मेलेलाच. पौलानं त्याला जिवंत केलं, आणि वर जाऊन पुन्हा पहाटेपर्यंत बोलला! आमचं चर्च बैठं आहे, एवढीच देवाची कृपा.

उपासना सुटल्यावर तो दारात हात मिळवायला उभा राहिला. कॉलर भिजलेली, चेहरा मात्र उजळलेला. लोक "छान, छान" म्हणत चपला शोधत होते. आमची आजी त्याचा हात धरून थांबली.

"दोन शब्द होते, ते कळलं रे बाबा. पण मेंढरं राखायला सांगितली होती ना पेत्राला? मग राखली का त्यानं?"

"तो भाग राहिला, आजी. पुढच्या रविवारी घेतो."

"पुढच्या रविवारी तर तू पुण्याला असशील."

"हो की."

"मग घे," आजी म्हणाली.