ॲडमिनचा नाइलाज कसला?

गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप गटात २०१६ साली एका सदस्यानं गटातल्याच महिलेबद्दल गलिच्छ भाषा वापरली. ॲडमिननं त्याला काढलं नाही, माफी मागायलाही लावली नाही. आपला नाइलाज आहे, असं त्यानं सांगितल्याची तक्रार होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ रोजी ॲडमिनवरचा खटला रद्द केला. आधीचं संगनमत नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

निकाल योग्यच आहे. पण त्यानं फक्त तुरुंग टळतो, जबाबदारी टळत नाही. सदस्याला काढायचा अधिकार ॲडमिनकडे तेव्हाही होता. २०२२ पासून कुणाचाही संदेश सगळ्यांच्या फोनवरून काढायची सोय त्याला मिळाली आहे. आता नाइलाज कसला?

ॲडमिनच्या अशा हात झटकण्याची झळ सर्वांत जास्त बसते ती महाराष्ट्रापासून दूरच्या मराठी माणसांना. झाशीचंच बघा. तिथला सदर बाजार हा छावणीचा बाजार. तिथं कानावर पडते ती हिंदी आणि बुंदेली. पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांच्या काळापासून या शहरात मराठी घरं आहेत. अशा ठिकाणी मराठीत बोलायला फोनमधला गट मोठा आधार असतो. पुण्यात एका गटात अपमान झाला, तर माणूस दुसऱ्या गटात जातो. झाशीत दुसरा गट कुठून आणायचा? तिथं एखादी सून गप्प झाली, की घराबाहेरचं तिचं मराठीच संपतं.

म्हणून नियम आधीच सांगा, चार ओळींत. चुकणाऱ्याला प्रथम खासगीत समज द्या. ऐकलं नाही तर संदेश काढा, आणि का काढला तेही गटात लिहा. ॲडमिन दोघंतिघं ठेवा, त्यांत एक तरी बाई असू द्या. मित्राला आणि विरोधकाला एकच माप लावा. भांडण पेटलं की ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ असं कुलूप घालून मोकळे होऊ नका. त्यानं भांडणाबरोबर गप्पाही मरतात आणि मागे सूचनाफलक उरतो. मतभेद राहू द्या, टीका तिखट असू द्या. माणसाच्या अंगावर जाणं तेवढं थांबवा.

अपमान झालेल्या माणसाच्या बाजूनं पहिला शब्द ॲडमिनचा यायला हवा, आणि तो त्याच दिवशी यायला हवा.