दोन टक्केवाले शेठ

पनवेलच्या टपाल नाक्यापासून उरण नाक्यापर्यंत दागिन्यांची, मोबाइलची, फ्रिज-टीव्हीची जी दुकानं आहेत, त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या गल्ल्यावर हे शेठ बसलेले असतातच. भाव करताना दिलदार. चहा न मागता येतो. पाकिटातून कार्ड डोकावलं, की आवाज मात्र खाली येतो: "कार्डाला दोन टक्के वर लागतील हां, आमचे नाहीत, बँकेचे." त्यांच्या बोलण्यातली बँक म्हणजे खाष्ट सासू, सगळा जाच तिचा, शेठ आपले बिचारे.

गाऱ्हाणं अगदीच खोटं नाही. क्रेडिट कार्डावर बँक दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे कार्ड स्वीकारण्याचं शुल्क, कापते, साधारण दीड-दोन टक्के, आणि त्याला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. मोबाइलवर सुटतातच किती, हा शेठचा सवाल रास्त आहे. पण हेच दोन टक्के ते डेबिट कार्डालाही लावतात, तिथे हिशेब फसतो. डेबिटवर १ जानेवारी २०१८ पासून मोठ्या दुकानालाही कमाल ०.९० टक्के, वीस लाखांपर्यंतच्या उलाढालीला ०.४०, रुपे डेबिटला २०२० पासून शून्य. शिवाय डेबिट कार्डावर ग्राहकाकडून असे पैसे घेता येणार नाहीत, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलंय. पन्नास हजारांच्या फोनवर बँक फार तर साडेचारशे आणि त्यावरचा जीएसटी कापणार, शेठ हजार घेणार. मधले पैसे कुठल्या बँकेचे?

परदेशात चालतं, असंही ते सांगतात. ऑस्ट्रेलियात २००३ पासून मुभा मिळाली खरी, पण खर्चापेक्षा जास्त घेऊ नका, असा कायदा २०१६ मध्ये करावाच लागला. ब्रिटनने तर २०१८ मध्ये ग्राहकांच्या कार्डांवरची ही वसुली बंदच केली. मग रोखवाल्याने कार्डवाल्याचा खर्च का सोसावा, हा शेठचा पुढचा सवाल. मुद्दा बिनतोड वाटतो. मात्र रोखही फुकट नसते: मोजणं, सुटे, खोटी नोट, बँकेतला भरणा. त्याचे टक्के शेठनी कधी कुणाला लावल्याचं ऐकिवात नाही. आणि खरी मेख बिलात आहे. मशीनवर एक्कावन्न हजार, बिलावर पन्नास. हक्काचे पैसे लिहायला एवढा संकोच? (जीएसटीसकट शंभर गोष्टी छापणाऱ्या बिलात एका ओळीला जागा नसते.)

तेव्हा भांडू नका, "हे दोन टक्के बिलात लिहून द्या" एवढंच म्हणा. नाही म्हणाले, तर मशीनच्या पावतीवर बँकेचं नाव असतं. तिच्याकडे तक्रार करा, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर.