तिसरा धरा

आमच्या केज तालुक्यात माणूस निवृत्त झाला की वारीला लागतो, पंढरीच्या किंवा कोर्टाच्या. प्राथमिक शिक्षकांत मात्र एक वेगळी तऱ्हा आढळते. हे लोक जीप खोलतात.

अशाच एका गुरुजींकडे फंडाच्या पैशातून घेतलेली जुनी महिंद्रा आहे. बीड शहरात रेल्वे पोचली 17 सप्टेंबर 2025 ला. तोवर माणसं वाहिली ती एसटीनं आणि काळी-पिवळीनं, त्यामुळे जीपवर इकडची माया उगाच नाही. तर दुसरा गिअर टाकताना गाडी कर्रकर्र करू लागली. मिस्तरींनी नुसता आवाज ऐकून सांगितलं, "सिंक्रोनायझरची पितळी रिंग गेली. पण दिवाळीनंतर या."

मिस्तरींचंही खरं होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल वाटलेले मुकादम ट्रॅक्टर घेऊन गॅरेजच्या दारात उभे असतात. तिथं गुरुजींची जीप कोण बघणार? वर मजुरीचा आकडा ऐकला आणि गुरुजी म्हणाले, "एवढ्यात मीच शिकून घेतो."

हयातभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसानं शिकायला बसणं, हा प्रकार बघण्यासारखा असतो. गुरुजींनी आधी टाचण काढलं. उद्देश, साहित्य, कृती. साहित्यात 'भाचा – 1' असंही लिहिलं होतं, कारण गिअरबॉक्स छातीवर झेलायला खाली कुणीतरी लागतंच. जॉईंट सोडला, क्लचचा रॉड काढला, बोल्ट ढिले केले. बॉक्स खाली आला आणि भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

अंगणात काकूंचं जुनं लुगडं अंथरलं. प्रत्येक पार्टवर खडूनं नंबर पडला आणि रोज संध्याकाळी हजेरी होऊ लागली. "मेनशाफ्ट?" "हजर." "काउंटरशाफ्ट?" "हजर." जमलेल्या पोरांना गुरुजी पितळी रिंग दाखवत, "दोन गिअर वेगवेगळ्या वेगानं फिरतात. ही मध्ये घासून दोघांचा वेग एक करते, मग दात जुळतात. सोयरिकीतला मध्यस्थच समजा." ही झिजली की दात भांडतात, एवढं पोरांना कळलं. मला वाटतं, गुरुजींनी उभ्या नोकरीत इतकं चांगलं विज्ञान कधी शिकवलं नसेल.

बसवताना काउंटरशाफ्टच्या बारीक सुया गळून बॉक्सच्या तळाशी जाऊ लागल्या. मिस्तरी अधूनमधून 'सहज' चहाला येत आणि बाजेवरून हलत नसत. ते म्हणाले, "गुरुजी, ग्रीसमधी चिकटवा की. आन् वरच्या झाकणातली दांडी वडताना बोट दाबून धरा. खाली छर्रा आसतोय."

गुरुजी म्हणाले, "ते टाचणात पुढं आहे."

आणि दांडी ओढली. स्प्रिंगनं छर्रा उडवला तो थेट कडब्याच्या गंजीत. हाच छर्रा दांडीच्या खाचेत बसून गिअर जागेवर अडकवून ठेवतो. गंज उपसली, कोंबड्यांकडेही संशयानं पाहून झालं. त्या दिवशीच्या हजेरीत पहिल्यांदा 'गैरहजर' लागला. शेवटी गुरुजींनी सायकलच्या चाकातला छर्रा घातला. जरा बारीक होता. "चालतंय," गुरुजी म्हणाले. शाळेत हा शब्द उच्चारणाऱ्याला त्यांनी ओणवं उभं केलेलं मी पाहिलंय.

क्लचप्लेट मधोमध आल्याशिवाय शाफ्ट आत घुसत नाही. त्यात भाच्याच्या छातीवर पुन्हा दुपार गेली. पण जीप चालू झाली. दुसरा गिअर लोण्यासारखा पडला आणि मिस्तरींनी बाजेवरून उठून हात मिळवला. गावात बातमी फिरली. लोक मिक्सर, मोटारी, एकजण तर सासऱ्याचं श्रवणयंत्र घेऊन आला.

राहिला तो तिसरा गिअर. उताराला ॲक्सिलेटर सोडला की तो टपकन सुटतो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना गिअर सुटणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर. म्हणून गुरुजींच्या शेजारी बसणाऱ्याला आता भाडं पडत नाही, काम पडतं. "तिसरा धरा," म्हटलं की दांडा दोन्ही हातांनी दाबून बसायचं, पाली येईपर्यंत.

परवा भाच्याला मुलगी दाखवायला बीडला गेले. घाटभर दांडा भाच्याच्याच हातात. उतरला तेव्हा तळहात लाल आणि पांढऱ्या शर्टाच्या बाहीला ग्रीस. मुलीच्या वडिलांनी बाहीकडं बघत विचारलं, "मुलगा काय करतो?"

गुरुजी म्हणाले, "तिसरा धरतो."