ब्रेकोपासक

जुन्या मोटारीचा धनी हा प्राणी केवळ महानगरातच आढळतो, असा ज्यांचा समज असेल त्यांनी एकवार परतुरास यावे. येथील एका गृहस्थांच्या दारात उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघालेली अँबॅसॅडर वडिलोपार्जित इस्टेटीच्या इतमामाने उभी आहे. १ मे १९८१ रोजी परतूर तालुका परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात दाखल झाला, २०१४ साली खुद्द तो कारखानाच बंद पडला. परंतु या गाडीच्या कब्जेवहिवाटीत तिळमात्र फरक पडला नाही.

गाडी चालते किती, असा प्रश्न त्यांच्यापुढे काढणे शिष्टसंमत नव्हे. ती थांबते कशी, हाच त्यांच्या अहोरात्र चिंतनाचा विषय. चारही चाकांना ड्रम-ब्रेक, आणि घाटाच्या उतारावर ड्रम तापले की ब्रेक लागेनासे होतात, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे. परतुराच्या पंचक्रोशीत घाट औषधालाही नाही, ही गोष्ट अलाहिदा! सबब पुढील चाकांना डिस्क-ब्रेक बसविण्याचे फर्मान सुटले.

मेस्त्री नुसत्या डिस्क चढवून मोकळा होऊ पाहत होता. त्यास समोर बसवून गृहस्थांनी निरूपण आरंभिले : ड्रममधला शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप घट्ट बसतो, डिस्कला ती सवलत नाही, म्हणून बूस्टर हवा; मास्टर सिलिंडर दुहेरी हवा, म्हणजे पुढची नळी फुटली तरी मागचे ब्रेक शाबूत राहतील; आणि ड्रमसाठी नळीत दाब राखून धरणारी झडप पुढच्या बाजूने काढली नाही, तर पॅड डिस्कला घासत राहून गाडी जागची हलणार नाही. ही शेवटची आपत्ती ऐकून घरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. कारण तीत त्यांना नवे असे काही दिसले नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याचा विधी मात्र दिवाळसणाच्या मुहूर्तावर पार पडला. जावईबापूंना पायडलवर तैनात करून सासरेबुवा चाकापाशी आडवे झाले, निपलला जोडलेल्या पारदर्शक नळीचे टोक ब्रेक-ऑइलच्या बाटलीत बुडवून ते पुकारीत, “दाबा! धरून ठेवा! आत्ता सोडू नका!” शेवटचा बुडबुडा निघेतो जावईबापूंचा पाय ओवाळणीपूर्वीच बधिर झाला होता.

अशा माणसाचा उपहास करण्याचा मोह कोणास होणार नाही? परंतु रात्री मंठ्याच्या रस्त्यावर बिनदिव्याची उसाची ट्रॉली अकस्मात पुढे उभी ठाकते, तेव्हा वेगाची प्रौढी मिरविणाऱ्या शंभर वीरांपेक्षा थांबण्याची तजवीज आधी करून ठेवणारा हा एकच गृहस्थ शहाणा ठरतो. वाचकहो, त्यांच्या गाडीत बसण्याचा योग आलाच तर निर्धास्त बसावे, मात्र “आता बघा हं!” हे शब्द कानी पडताच समोर दोन्ही हात भक्कम टेकावेत.